शिफारशीला नेमणूक म्हणणारी बातमी

मी ज्या माणसाचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते आमचे गुरुजी. जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत त्यांनी मला पहिलीपासून सातवीपर्यंत शिकवलं. माझे वडील मेंढ्या राखायचे. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड कळपामागे निघायचं आणि माझी शाळा सुटायची. एका वर्षी गुरुजी आमच्या तळावर चालत आले आणि वडलांना म्हणाले, "मेंढरं तुम्ही न्या. पोरगं माझ्याकडं राहू द्या." तेव्हापासून मी त्यांच्या घरी जेवलो आणि त्यांच्या ओसरीवर झोपलो. बारावी झाल्यावर जालन्याच्या कॉलेजात नाव घालायला तेच माझ्यासोबत आले. खिडकीपुढच्या रांगेत मला उभं करून स्वतः बाहेर उन्हात थांबले, कारण "प्रवेश तुला घ्यायचाय, तूच बोलायचं." आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो आणि दोन वेळचं नीट खातो, ते गुरुजींमुळे.

अशा माणसाला "गुरुजी, तुमचं चुकतंय" असं म्हणायची वेळ माझ्यावर आली. ती वेळ रेडिओवरच्या एका बातमीने आणली. त्या बातमीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आधी गुरुजींच्या बातम्यांविषयी सांगतो. शाळेत रोज सकाळी परिपाठ व्हायचा. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. इतर शाळांत पोरं पेपरातला कुठलाही मथळा वाचून मोकळी व्हायची. आमच्याकडे तसं चालत नसे. ज्याची पाळी असेल त्याने सकाळी रेडिओ ऐकायचा, बातमी कागदावर लिहायची, ती गुरुजींना दाखवायची आणि मगच फळ्यावर लिहायची. बातमीखाली दोन ओळी ठरलेल्या असायच्या. एक, 'कोणी सांगितलं'. दुसरी, 'राहिलेलं'. म्हणजे या कामात अजून काय व्हायचं बाकी आहे ते. पोरांना ही दुसरी ओळ फार जड जायची. बातमीत जे झालंय ते सांगितलेलं असतं. जे झालेलं नाही ते आपणच शोधावं लागतं.

मी चौथीत होतो तेव्हा सातवीतली एक मुलगी परिपाठाला बातमी देत होती. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. तिची आई दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची आणि ताई शाळेत पहिली यायची. त्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, 'आपल्या गावात नळाचे पाणी आले.' सकाळीच रेडिओवर आमच्या भागातल्या नळयोजनेची बातमी लागली होती. गुरुजींनी फळा वाचला. त्यांनी पाण्याच्या माठावरचा तांब्या उचलला आणि तिच्या हातात दिला.

"जा. नळाचं पाणी घेऊन ये."

ताई गेली. आम्ही सगळे प्रार्थनेच्या ओळीत तसेच उभे. ती गावातून फिरून परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"गुरुजी, नळच न्हाई."

"मंग फळ्यावर काय लिहिलंस?"

पोरं हसली. ताई हसली नाही आणि रडलीही नाही. तिने ओल्या फडक्याने ओळ पुसली आणि लिहिलं, 'आपल्या गावाच्या नळयोजनेला मंजुरी. राहिलेलं : टाकी, पाइप, नळ आणि पाणी.' गुरुजी म्हणाले, "आता बराबर." पुढे बरीच वर्षं गावात कोणी मोठ्या गप्पा मारायला लागलं की लोक म्हणायचे, "आण तांब्या."

ही ताई पुढे वकील झाली. उच्च न्यायालयात तिने नाव कमावलं. आमच्यात फोन असायचा, पण क्वचित. तिला माझ्यापेक्षा कामं जास्त.

तर ती बातमी. संध्याकाळची पाळी होती. प्रयोगशाळेत आमच्या टेबलावर एक जुना रेडिओ असतो. मी ओल्या कागदावर कपाशीचे दाणे मांडत होतो. आमचं काम असं की प्रत्येक लॉटमधले दाणे असे मांडून, कागदाची गुंडाळी करून अंकुरणाच्या कपाटात ठेवायचे आणि किती उगवतात ते बघायचं. तोवर त्या लॉटच्या थप्पीवर 'तपासणी चालू' असा पिवळा टॅग असतो. हिरवा टॅग उगवण बघितल्यावरच. आधी हिरवा लावला तर नोकरी जाते, आणि जावीच, कारण ते बियाणं कोणाच्या तरी रानात पडणार असतं.

रेडिओवर बाई म्हणाली, "वादग्रस्त भूसंपादन प्रकरणातील वकील आणि जालना जिल्ह्याच्या कन्या यांची उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदी नियुक्ती झाली आहे." मग तिने ताईचं नाव घेतलं.

आनंदाने मी शेजारच्या सहकाऱ्याचा खांदा धरला. तो म्हणाला, "अरे, कागद फाटंल!" मग त्यानेच मोबाइल काढला आणि आम्ही दोघांनी न्यायालयाच्या संकेतस्थळावरचं निवेदन शोधून वाचलं. आणि माझा आनंद जागच्या जागी थांबला.

नियुक्ती झालेली नव्हती. वरिष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने ताईच्या नावाची शिफारस केली होती. आता ते नाव सरकारकडे जाणार, तिथे तपासलं जाणार, राष्ट्रपतींची सही होणार, मग शपथ. यातल्या कुठल्याही टप्प्यावर नाव अडकतं. वर्षानुवर्षं अडकतं, परतही येतं. हे पेपर वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. बातम्या देणाऱ्याला माहीत नसावं?

आणि ते 'वादग्रस्त प्रकरणातील वकील'! त्या खटल्यात एका बाजूला शेतकरी होते आणि दुसऱ्या बाजूला कारखाना. ताई दोघांचीही वकील नव्हती. प्रकरण गुंतागुंतीचं म्हणून न्यायालयानेच तिला मदतीला बोलावलं होतं, कायदा समजावून सांगायला. हे त्याच निवेदनात लिहिलेलं होतं, तिच्या बाजूचा मुद्दा म्हणून. रेडिओने तोच मुद्दा उचलला आणि त्याला काळं फासून पुढे केला. ऐकणाऱ्याला काय वाटणार? जमिनीचा घोळ होता आणि त्यात ही बाई होती.

एका वाक्यात त्यांनी तिला मिळालेलं नाही ते दिलं आणि तिने केलेलं नाही ते तिच्या अंगावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या केंद्रावर फोन केला. केंद्राचं नाव मी लिहीत नाही. बऱ्याच वेळाने एका गृहस्थाने घेतला.

"साहेब, तुमच्या कालच्या बातमीत चूक आहे. नियुक्ती झालेली नाही, शिफारस झालीय."

"अहो, शिफारस झाली म्हणजे झालंच ना. आता कोण थांबवतंय?"

"कोण थांबवतंय हे तुम्ही कशाला ठरवता? थांबलेली नावं काय कमी आहेत?"

"बातमीला जागा किती असते, भाऊ? एवढं सगळं बसवायचं कुठं?"

"जिथं 'नियुक्ती' बसलं तिथंच 'शिफारस' बसलं असतं."

तो हसला. "तुम्ही वकील आहात का?"

"नाही. बियाणं तपासतो."

"मग तुम्हाला कशाला एवढं लागतंय?"

मला काय लागतंय! मी म्हटलं, "आणि 'वादग्रस्त' कशावरून?"

"प्रकरणात वाद होता ना?"

"वाद नसलेलं प्रकरण कोर्टात जातं का हो?"

"लेखी कळवा," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी लेखी कळवलं. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. संध्याकाळी तीच बातमी, त्याच शब्दांत, पुन्हा लागली.

त्या रात्री ताईचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुम्ही खुलासा का देत न्हाई?"

"मला यावर बोलता येत नाही रे. नाव वर गेलंय. अशा वेळी बोलायचं नसतं. पण गावात रविवारी सत्कार ठेवलाय. फलक लावलाय म्हणे. मी जाणारच नाहीये, पण आईला स्टेजवर बसवणार आहेत. मी 'करू नका' म्हणाले तर लोक म्हणतील, माजली. गप्प बसले तर तो फोटो फिरेल आणि कोणीतरी वर पाठवेल, की बघा, अजून नेमणूक नाही आणि बाई पुढाऱ्याबरोबर मिरवून राहिली."

"कोणता पुढारी?"

तिने सांगितलं. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून रोज कुठे ना कुठे हार घेऊन फिरणारा आमच्याच गावातला माणूस. फलकावर ताईचा फोटो एवढासा आणि त्याचा मोठा. वर 'नवनियुक्त न्यायमूर्ती'. सत्काराचे अध्यक्ष गुरुजी.

"गुरुजींना तुम्ही सांगा की."

"त्यांना काय सांगू? काल त्यांचा फोन आल्ता. हुंदके देत होते. मला त्यांना नाही म्हणवलं नाही." मग म्हणाली, "तूच बघ."

ताईची आई पिठाच्या गिरणीवर गेली तेव्हा एका बाईने तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्या पोरीनं कंपनीच्या जमिनी खाल्ल्या म्हणे? तरी जज्ज केलं का?" हे मला त्याच रात्री गावातल्या दुसऱ्या एकाने सांगितलं. म्हातारी दळण न घेताच घरी आली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात वाकलेली बाई. तिच्याकडे स्वतःची एक काकरी जमीन नाही. तिने हे ऐकायचं, आणि कोणामुळे, तर गावाकडे कधी न फिरकलेल्या माणसाने कुठे तरी बसून निवेदन घाईत वाचून बातमी केली म्हणून!

मी सकाळी गुरुजींना फोन लावला. ते आता खूप थकले आहेत. बाहेर फारसे जात नाहीत. रेडिओ उशाशी असतो.

"गुरुजी, ताईची नेमणूक अजून झाली न्हाई."

"झाली. मी स्वतः ऐकलं. काल पुन्हा लागलं."

"रेडिओचं चुकलंय, गुरुजी."

"रेडिओ काय पारावरचा गप्पीदास हाय का? इतकी वर्षं ऐकून राह्यलो मी."

"शिफारस झालीय फक्त. आता सरकारकडं जाईल, मंग..."

"पोरा," ते मध्येच म्हणाले, "तुला तिचं चांगलं झालेलं बघवत न्हाई का?"

ज्यांच्या ताटात मी जेवलो त्यांनी हे विचारलं होतं. मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "फोनवरचं मी धरत न्हाई. लिहून पाठव." आणि फोन बंद झाला.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना फळ्यापुढे उभं करून विचारलं की अजून काय राहिलंय, त्याला या वयात एकदा तरी पूर्ण झालेली बातमी हवी होती. ती त्याच्या स्वतःच्या विद्यार्थिनीची होती. त्याने ती धरून ठेवली. माझा राग, त्याचा हा भरवसा इतक्या सहज वापरून टाकणाऱ्यांवर आहे. आमच्या भागात रेडिओ हा अजूनही खरं बोलणारा मानला जातो. ती पत रेडिओने कमावलीय, मान्य. पण ती आमच्यासारख्यांच्या कानांवर उभी आहे.

मी लिहायला बसलो. दुपारी आमच्या कंपनीचा टेम्पो आष्टीच्या दुकानाला बियाणं घेऊन जाणार होता. चालकाच्या हातात पाकीट दिलं तर तो म्हणाला, "मोबाइल हाय की तुमच्याकडं. लव्ह लेटर हाय का काय, भाऊ?"

"आमच्या गुरुजींना आहे."

"मंग जपून न्यावं लागंल," असं म्हणून त्याने ते खिशात न ठेवता समोरच्या काचेपाशी, देवाच्या फोटोमागे खोचलं.

पत्राचं काय झालं ते आधी सांगतो. शाळेत आता जे शिक्षक आहेत त्यांनी मला ते फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळी परिपाठाच्या वेळी गुरुजी काठी टेकत शाळेत आले. कोणाला लिहू दिलं नाही. स्वतः खडू घेतला. नीट दिसत नसल्यामुळे ओळी वरून खाली घसरत गेल्या, पण बातमी पूर्ण लिहिली. गाव जमलं. ताईची आईही आली होती.

"मंग माझी पोरगी झाली का न्हाई, गुरुजी?"

"अजून न्हाई, बाई. करावी असं मोठ्या लोकांनी म्हणलंय."

"आन ते जमिनीचं?"

"त्यात ती कोणाच्याच बाजूनं नव्हती. कोर्टानं तिला मदतीला बोलावल्तं."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे त्या रेडिओवाल्याला सांगा की कोणी."

तेवढ्यात पुढारी मोटरसायकलवरून आला. "गुरुजी, असं कसं? मंडप सांगितलाय, फ्लेक्स छापलाय!"

"फ्लेक्स उलटा कर आणि कडब्यावर टाक. चांगला जाड हाय, कामाला येईल."

सत्कार झाला नाही. फ्लेक्स खरंच कडब्यावर आहे, मी दिवाळीत गेलो तेव्हा बघितला. रेडिओने चूक दुरुस्त केली नाही. मी हे लिहीत असताना ताईचं नाव अजून वरच आहे, आणि ती रोज वकिलाच्या कोटात कोर्टात जाते.

गुरुजींनी ते पत्र मला परत दिलं, "तुझ्याकडं असू दे" म्हणून. ते असं होतं.

*

परमपूज्य गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार.

आपण लिहून पाठव म्हणालात, म्हणून लिहीत आहे. आपल्याला खोटं ठरवायला मी फोन केला नव्हता. मला ताईचं चांगलं बघवतं, गुरुजी. बातमी ऐकली तेव्हा माझ्या हातातला कागद फाटता फाटता राहिला, इतका मला आनंद झाला होता. पण मग मी निवेदन वाचलं. ते वाचायची सवय आपण लावली आहे, त्यामुळे न वाचता मला राहवलं नाही.

फळ्यासाठी बातमी खाली देत आहे. निवेदनातल्यापेक्षा एकही शब्द जास्त घातलेला नाही.

बातमी : आपल्या गावच्या लेकीचं नाव उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदासाठी सुचवलं आहे. जमिनीच्या खटल्यात न्यायालयाने तिची मदत घेतली होती. ती कोणत्याही बाजूची वकील नव्हती.

कोणी सांगितलं : वरिष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, लेखी.

राहिलेलं : सरकारचा निर्णय, राष्ट्रपतींची सही, शपथ.

गुरुजी, एवढं राहिलेलं असताना आपण रविवारी अध्यक्षांच्या खुर्चीवर बसू नये, ही हात जोडून विनंती. आपण बसलात की गाव ते पक्कं धरेल, कारण आपण कधी चुकीचं सांगितलेलं नाही. तो फोटो जिथे जाऊ नये तिथे जाईल, आणि त्याचा त्रास ताईला होईल. ती स्वतः आपल्याला हे सांगू शकत नाही. तिच्याच्याने आपल्याला नाही म्हणवलं नाही. म्हणून मी सांगतो आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

आपण तिला एकदा तांब्या देऊन नळाचं पाणी आणायला पाठवलं होतं, ते आठवत असेल. तेव्हा ती गावभर फिरून रिकामा तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांसमोर स्वतःची ओळ पुसून बरोबर लिहिली. आज तांब्या तसाच रिकामा आहे. ओळ पुसायला ती येऊ शकत नाही. तिच्या वतीने आपण पुसावी.

आईंना आपण स्वतः समजावून सांगा. त्या गिरणीवरून दळण न घेता परत आल्या आहेत. आपल्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल.

औषध वेळेवर घ्यावं. रेडिओ ऐकावा, पण खाली 'राहिलेलं' लिहून ठेवावं. मीही ठेवतो.

आपला विद्यार्थी